मुरमाखालचं कापड

आमची वस्ती रानात आहे. चार-पाच घरं, म्हशींचे दोन गोठे आणि एक कडुलिंब. डांबरी सडक आमच्या ओट्यावरून दिसते. सडकेवरून जाणारी बस हुमनाबादकडे निघाली की हळ्ळीखेडकडे, ते मला भाकरी थापता थापता कळतं. पण सडक आणि ओटा यांच्या मधली वाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चप्पल ठेवून घेते. लग्न होऊन आले त्या पावसाळ्यातच माझी नवी चप्पल गेली. दुसऱ्या दिवशी उकरूनही सापडली नाही. तेव्हापासून पावसाळ्यात चपला हातात घ्यायच्या आणि सडकेवर गेल्यावर पाय धुऊन घालायच्या, असंच सगळ्या बाया करत होत्या. त्याचं कुणाला वाईट वाटत नव्हतं. वाट अशीच असते, असं वाटायचं.

मामांच्या किडन्या गेल्या तेव्हा वाटेचा विचार करावा लागला. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या. मालक हैदराबादला ट्रक चालवतात, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. घरात मामा आणि मी. आठवड्यातून दोनदा त्यांना हुमनाबादला रक्त साफ करणाऱ्या मशिनीवर न्यावं लागतं. ते टमटममध्ये पुढे चाचाशेजारी बसतात, मी मागे. चाचा म्हणजे टमटमवाला, मामांच्याच वयाचा. दोघांच्या गप्पा चालतात, मी ऐकते. मामांशी मी समोरासमोर कधी बोलले नव्हते. आमच्यात सुना सासऱ्यापुढे बोलत नाहीत, आणि मी तर कुणापुढेच फार बोलत नाही. मामांना चहा पाहिजे असला की ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "आज चहा व्हणार हाय का न्हाई कुनाला ठावं." मी चहा ठेवायची. असं आमचं चांगलं चाललं होतं.

पहिल्या पावसाळ्यात टमटम आत येणं बंद झालं. मामांना पाच-पंचवीस पावलांच्या पुढे चालवत नव्हतं. बैल आता वस्तीत कुणाकडे नाहीत. मोटारसायकलवर मधी बसवून एकदा नेलं, तर घेरी येऊन ते एका बाजूला कलले, पडतापडता वाचले. मग गड्यांनी प्लास्टिकची खुर्ची घेतली, दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, मामांना बसवलं आणि चौघांनी खांद्यावर उचललं. वरून पाऊस होता म्हणून एकाने मागून छत्री धरली.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, आणि विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या मखरात, बसवून खांद्यावरून नेतात. बसल्या बसल्याच मातीत ठेवतात. मामा रोज विभूती लावतातच. तर खुर्ची निम्म्या वाटेवर आली तेव्हा शेजारच्या रानात खुरपणारी एक म्हातारी उभी राहिली. तिने लांबून बघितलं, विळा खाली टाकला, पदर तोंडाला लावला आणि हात जोडले. मामांनी तिला बघितलं. मी मागून चालत होते, मला त्यांची फक्त मान दिसली. ती ताठ झाली होती.

घरी आल्यावर ते भिंतीला म्हणाले, "मला असं बसवून न्यायचं तर एकदाच न्या. मला दिसंना झाल्यावर."

तो सगळा पावसाळा ते हुमनाबादला एका भाच्याच्या घरी राहिले. दोन खोल्यांचं घर, त्यात सहा माणसं. मामा परत आले ते वाळून आले. पुन्हा तिकडे जाणार नाही आणि खुर्चीत बसणार नाही, हे त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात टमटम दारात येईल तरच मामा मशिनीवर जाणार होते. नाही गेले तर काय होतं ते दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात रस्ता मंजूर झाला. वस्तीतल्या बाया कामाला लागल्या, मीही लागले. समोरच्या घरातली अक्का आम्हा सगळ्यांच्या पुढे. तिचा आवाज सडकेपर्यंत जातो. मुकादम तिला घाबरून असायचा. आधी काळी माती कंबरेच्या थोडं खाली येईल इतकी खोल उकरली, तळ सपाट केला. मग ट्रकमधून कापडाच्या मोठ्या गुंडाळ्या आल्या. पांढरं, जाड, नमद्यासारखं कापड. बोटांनी दाबलं की मऊ, ओढलं की तुटत नाही.

काम बघायला साहेब आले होते. ते कानडीत बोलत होते. आमच्या घरून त्यांना चहा गेला तेव्हा त्यांनी गाळणी मागून घेतली आणि ती धरून आम्हाला सांगितलं. कापड म्हणजे गाळणी. पाणी त्यातून येणार-जाणार, पण माती अडणार. खालची काळी माती पावसात लोण्यासारखी होते आणि वर टाकलेला मुरूम तिच्यात बुडतो. मधी कापड असलं की मुरूम वर राहतो, माती खाली राहते. आमच्या वाटेवर आजपर्यंत कितीतरी मुरूम टाकला होता आणि तो दरवर्षी नाहीसा व्हायचा. तो कुठे जातो ते मला त्या दिवशी कळलं.

मामा ओट्यावर बसून ऐकत होते. चाचाला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "माज्या मशिनीत बी असलंच हाय बग. नर्सबाईनं दाखवली व्हती नळी. रगत ऱ्हातंय, घाण जातीय."

"फिर तो अप्पा, तुमारा और रास्ते का एकच डॉक्टर!" चाचा म्हणाला.

पहिली गुंडाळी उलगडली तेव्हाचं दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोघा गड्यांनी ती ढकलली आणि काळ्या मातीवर पांढरी पट्टी लांबच लांब उघडत गेली. सगळ्या बाया कडेला उभ्या राहिल्या. कुणी पुढे पाऊल टाकेना. मठाचे स्वामी वस्तीवर येतात तेव्हा आम्ही गाडीपासून दारापर्यंत धुतलेली धोतरं, लुगडी अंथरतो. त्या पायघड्यांवर स्वामींच्या आधी कुणी पाय देत नाही. लहान मूल धावलं तरी त्याला उचलून घेतात.

"आता गं बया," अक्का म्हणाली, "कोन येऊलालेत आपल्या वस्तीवर?"

मामा ओट्यावरून ओरडले, "चपला काढा आधी! कडंकडंनं चला. पांढऱ्यावर पाय देऊ नका कुनी."

आम्ही चपला काढल्या. तेवढ्यात सडकेच्या बाजूला मुरमाचा टिप्पर मागे यायला लागला आणि मुकादम त्याच्यावर ओरडला, "ए, कपड्यावर चाक घालू नको! अजिबात न्हाई!"

"बगा," अक्का म्हणाली, "त्यो बी तेच म्हनायलाय."

"अक्का, मी गाडीला म्हनलो," मुकादम जवळ येऊन म्हणाला. "माणसानं चाललं तर काय व्हत न्हाई. चला की वरनं. कापड हाय ते, देव न्हाई."

"तुज्या आईचं लुगडं अंथरलं असतं तर चालला असतास का रं वरनं?"

मुकादम हसला. "माजी आय तुमच्यापरास बरी," म्हणाला आणि टिप्परकडे निघून गेला. आम्हाला त्याने सांगून ठेवलं होतं की जिथं एक गुंडाळी संपते आणि दुसरी सुरू होते तिथं एकाचा पदर दुसऱ्यावर हातभर आणखी थोडा चढवायचा, आणि सळईचे वाकवलेले आकडे सगळ्या रुंदीत ठोकायचे. सडकेच्या जवळ असा एक जोड आला. आम्ही पदर चढवला. नीट, सुरकुती न ठेवता चढवला. मग बाहेरच्या मातीवर गुडघे टेकून दोन्ही कडांनी हात पोचेल तिथपर्यंत आकडे ठोकले. मधी हात पोचत नव्हता. पोचायचं तर वर चढावं लागलं असतं.

"मधी काय हलायलंय," अक्का म्हणाली. "वर एवढा मुरूम पडनार हाय."

बघायला ते चांगलंच दिसत होतं. कापड उन्हात उघडं ठेवायचं नाही, ऊन त्याला खातं, असं मुकादम सारखा म्हणत होता, म्हणून त्याच दिवशी त्यावर तांबडा मुरूम पसरला. मग रोलर फिरला. कापडाचे उरलेले तुकडे घरोघरी गेले. कुणी कडब्यावर टाकला, कुणी गोवऱ्यांवर. मीही एक तुकडा घरी नेला होता. तो दोन दिवसांनी दिसेना, पण मी फार शोधला नाही.

रस्ता झाल्यावर चाचा पहिल्यांदा दारापर्यंत आला तेव्हा त्याने कडुलिंबाखाली टमटमला एक फेरी मारली आणि भोंगा वाजवला. मामा पहाटेच अंघोळ करून, टोपी घालून तयार होते.

पाऊस लागला. रस्ता टिकला. जून गेला, जुलै गेला, आम्ही दर फेरीला टमटममधून जात होतो. दोन्ही बाजूंच्या रानांत पाणी साचलेलं, आणि मधून आमचा तांबडा रस्ता कोरडा. मामा हुमनाबादच्या दवाखान्यात भेटेल त्याला रस्त्याचं सांगायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने कंटाळून कूस बदलली तरी त्यांचं सांगणं थांबत नसे.

मग जोडाच्या जागी तांबड्या मुरमात एक काळा ओला डाग दिसला. ताटलीएवढा. आठवड्यात तो सुपाएवढा झाला. त्यावर पाय दिला की खालून काळं पाणी वर यायचं. चाचा त्याच्या कडेने टमटम काढायचा. एक दिवस कड राहिली नाही. चाक रुतलं, बायांनी मामांसकट टमटम ढकलून काढली. मामा आत बसून दांडी घट्ट धरून होते.

पुढच्या फेरीला टमटम सडकेवरून आत वळताना रिकामीच रुतली, ती पोटापर्यंत. सडकेवरच्या माणसांनी तिला दोर लावून मागे ओढली. चाचा चिखल तुडवत चालत घरी आला.

"अप्पा, गाडी नक्को बोल री. वहाँ तक उचलून नेतो तुमाला, फिर सडकसे सीधा दवाखाना. दो मिनट का काम."

अक्काच्या घरातून तिच्या दोन पोरांनी खुर्ची आणली. वाईट मनाने नाही आणली. मामांनी खुर्चीकडे बघितलं, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि आत जाऊन पडले.

"मामा, ऐका की," अक्का दारातून म्हणाली. "घटकाभराचं तर हाय."

"त्याला घटकाभरच लागतंय," आतून आवाज आला.

ती फेरी चुकली. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजून चकचकीत झाले. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसले. पाणी मी वाटीने मोजून द्यायची, ते वाटी रिकामी झाल्यावरही तोंडाला लावून बसायचे. दवाखान्यात फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, उद्या सकाळी मशीन मोकळी करून ठेवतो, उद्या मात्र आणाच. परवावर गेलं तर मी सांगू शकत नाही.

मुकादमाचा नंबर भिंतीवर कोळशाने लिहिलेला होता. मी फोन लावला. "कोन?" असं तो म्हणाला आणि माझा आवाजच फुटेना. मी फोन बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा "कोन, कोन बोलायलंय?" आणि पुन्हा बंद केला. मग अक्काच्या दारात जाऊन फोन तिच्या हातात दिला.

"कामून तोंड शिवलंस का?" असं मला म्हणून तिने तो कानाला लावला. "हॅलो, मी अक्का. तुजा रस्ता फाटलाय."

तिकडून तो बहुतेक म्हणाला की ओल्यात काम होत नाही, दिवाळीनंतर येतो.

"दिवाळीला म्हातारं ऱ्हातंय का? तू येऊन बग तर खरं! आज उगाड हाय. आमीच खांदतो, तू मुरूम घिऊन ये. न्हाई आलास तर ते खुर्ची घिऊन तुज्या दारात येताव आमी, त्याच्यात तूच बस!"

मग ती थोडं ऐकत राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "येतो म्हनतंय. अर्धी ट्रॉली मुरूम अन् आकडे आनतो म्हनतंय. पर कापड न्हाई म्हनं त्येच्याजवळ. तुकडे तुमीच नेलाव म्हनतंय."

तीन दिवस पाऊस नव्हता. आम्ही पाच-सहा बायांनी डागाची जागा खोदायला घेतली. आधी कडेच्या चरीतलं गवत काढून साचलेलं पाणी काढून दिलं. वरचा मुरूम काळ्या चिखलात कालवल्यासारखा झाला होता. तो काढत काढत खाली गेलो तेव्हा कापड लागलं. हाताने चिखल पुसला. दोन्ही कडांना आमचे आकडे ठोकलेले तसेच होते, एकही हलला नव्हता. मधी मात्र वरचा पदर मागे सरकला होता आणि कापडात तोंड उघडल्यासारखी फट पडली होती. मुरूम ढकलताना तो सरकला असणार. त्या फटीतून काळी माती बाहेर येऊन वर चढली होती.

सगळ्या जणी खाली बघत उभ्या राहिल्या.

मुकादम ट्रॉली घेऊन आला आणि त्यानेही बघितलं. "मधी आकडा न्हाई की एक बी," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "कापड बगा आता. फटीच्या चारी अंगानं हात-हातभर जास्त पाहिजे."

घरोघरी तुकडे शोधले. कडब्यावरचा तुकडा उन्हाने पिवळा पडला होता. अक्काने गोवऱ्यांवरचा उचलला, दोन्ही हातांनी ओढला, तर पापडासारखा तुटला. "खरंच खाल्लं की गं उन्हानं," ती म्हणाली. "मला वाटलं, मुकादमाचं आपलं उगंच." दुसऱ्या घरातला उंदरांनी कुरतडला होता.

मामांच्या गोळीची वेळ झाली म्हणून मी घरी गेले. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. मी गोळी आणि अर्धी वाटी पाणी ठेवलं आणि दाराआड झाले.

"काय निघालं म्हनावं खाली," ते भिंतीला म्हणाले.

अशा वेळी मी अक्काला पाठवते, किंवा भांडं वाजवते म्हणजे त्यांना कळतं की उत्तर नाही. पण अक्का तिकडे खड्ड्यात होती. मी दाराची चौकट धरली आणि म्हणाले, "मामा, जोड उघडलाय. मधी आकडे बसलेच न्हाईत. कडंनं हात पोचला न्हाई, अन् वर कुनी पाय दिला न्हाई."

मला वाटलं, चुकलं माझं, असं तोंडावर बोलायला नको होतं. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"मीच म्हनलो व्हतो," ते म्हणाले. भिंतीला नाही, मला म्हणाले. "मीच वरडलो ओट्यावरनं. तुमी काय करनार."

त्यांनी गोळी गिळली, वाटी खाली ठेवली.

"कापड हाय का दुसरं?"

"न्हाई. समदे तुकडे उन्हानं गेले."

"माजी पेटी उघड."

त्यांची लोखंडी पेटी खाटेखाली असते. मी तिला कधी हात लावला नव्हता. उघडली तर वर न धुता घडी केलेलं नवं कोरं धोतर, विभूतीची पुडी, आणि त्याच्या खाली माझा हरवलेला तुकडा. अंधारात राहिल्यामुळे पहिल्या दिवसासारखा पांढरा आणि दाट होता. ते धोतर आणि ती पुडी बघून तो तुकडा तिथं कशासाठी ठेवला होता ते मला कळलं, आणि मी पेटीतच बघत राहिले, वर बघायला धीर होईना.

"चांगलं दाट वाटलं, म्हनून ठिवलो व्हतो," मामा म्हणाले. "मंग साहेबाच्या बोलन्याचा इचार केलो. पानी जातंय, माती अडतीय. ह्येच्यात गुंडाळून ठिवले तर मी मातीत मिसळायचोच न्हाई. तसाच बसून ऱ्हायचो." ते हसायला लागले आणि दम लागून थांबले. "घिऊन जा. मला धोतर पुरतंय. अन् तिला सांग, त्या अक्कीला, वर चढून उभं ऱ्हा म्हनावं. मधोमध. मी म्हनलोय म्हनून सांग."

मी कापड डोक्यावर घेऊन गेले. अक्काने विचारलं, "कुठलं गं हे? एवढं नवं?" मी म्हणाले, मामांच्या पेटीतलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पेटीत म्हातारी माणसं काय ठेवतात ते तिलाही ठाऊक होतं. मामांचा निरोप मी सगळ्यांसमोर सांगितला.

मुकादमाने तुकडा फटीवर टाकला, चारी बाजूंनी पुरला. आम्ही त्यावर चढलो. चपला तेवढ्या काढल्या, ते आपसूक झालं. अक्का मधोमध उभी राहून कापड ताणून धरत होती आणि मी बसून आकडे ठोकत होते. जुन्या कापडाला नवं घट्ट धरलं. मग मुरूम थोडा टाकायचा, धुमसाने ठोकायचा, पुन्हा थोडा टाकायचा. मुकादम स्वतः ठोकत होता. जाताना म्हणाला, "चरीत पानी थांबू देऊ नका. अन् डाग दिसला की तवाच फोन करा, सूप व्हायची वाट बगू नका." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अन् बोलत जावा ओ फोनवर. मी काय खात न्हाई."

सकाळी चाचा आला. मामांना अक्काने आणि मी धरून टमटममध्ये बसवलं. सूज आता तोंडावरही आली होती. मी मागे बसले. नव्या मुरमाची जागा जवळ आली तसा चाचाने वेग कमी केला आणि थांबला. आदल्या दिवशीच्या कामावर पूर्ण भार द्यायचा त्याला धीर होत नव्हता.

"अप्पा, जरा उतरते क्या? मैं खाली गाडी निकालता, फिर बैठो."

मामा पुढे बघत होते. "मी उतरत न्हाई," म्हणाले. "चालव."

चाचाने अल्लाचं नाव घेतलं आणि टमटम पुढे घातली. पुढचं चाक थोडं दबलं. मागचं दबलं. मग टमटम पार झाली आणि समोर डांबरी सडक आली. चाचा काहीतरी मोठ्याने बोलत होता. मामा म्हणाले, "हळू. हळू चालव की रं. पळून जायलाय का दवाखाना?"

हुमनाबादला नर्सबाईंनी आधी वजन केलं. काट्याकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अज्जा! किती पानी पिलाव हो? फेरी चुकवली ते चुकवली, वर पानी बी?"

मामांनी माझ्याकडे हात केला. "हिला इचारा. वाटीवाटीनं द्यायलीय मला. सून न्हाई, रेशनचं दुकान हाय."

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. त्यांना वाटायचं मला मराठीच येत नसेल, म्हणून त्या माझ्याशी कधी कधी कानडीत बोलायच्या.

"वाटी मी मोजून द्यायलेय," मी म्हणाले. "मी खड्डा खांदायला गेल्ते तवा ह्यांनी घागरीतनं किती पिले, ते मला ठावं न्हाई."

मामा खो खो हसले. हसताना खोकला आला, नर्सबाईंनी त्यांना धरून खाटेवर टेकवलं आणि दंडाला पट्टा बांधला. मशीन सुरू झाली. थोड्या वेळाने त्यांचा श्वास हळू झाला. मी खाटेच्या पायाशी खाली बसले. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्यांना म्हणाला, गेल्या फेरीला दिसला नाहीत, आम्हाला वाटलं…

"रस्ता दुरुस्तीला काढला व्हता," मामा म्हणाले. "आता झाला."